दहांच्या गणनेत कोण? यहूदी समाजांच्या प्रार्थनारीतींची एक समीक्षा

पेडणे महालात धर्मशिक्षणाची सेवा करणाऱ्या एका बंधूंनी आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. हरमलच्या किनाऱ्यावर गेली अनेक वर्षे इस्रायलहून तरुण प्रवासी येतात. शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारास त्यांच्यापैकी काहीजण एकत्र जमून शब्बाथाची प्रार्थना म्हणतात, हे या बंधूंनी अनेकदा पाहिले. "यहूदी लोकांची प्रार्थना एकच असेल, असा माझा समज होता," ते म्हणतात. "परंतु एकाचा सूर निराळा, दुसऱ्याचे उच्चार निराळे, आणि कोणता पाठ घ्यावा यावरून त्यांच्यातच थोडे बोलणे झाले. मग आपल्या प्रभूने नासरेथच्या सभास्थानात जी मूळ प्रार्थना ऐकली, ती यांपैकी कोणाची?"

प्रश्न प्रामाणिक आहे. तथापि त्याच्या मुळाशी जे गृहीत आहे, ते प्रथम तपासून पाहिले पाहिजे असे आम्हांस वाटते. कोठेतरी एक 'मूळ' प्रार्थना शुद्ध स्वरूपात आहे आणि इतर सर्व रीती तिच्यापासून ढळलेल्या आहेत, हे ते गृहीत होय. आपल्या धर्मशिक्षणाच्या टिपणांत व प्रवचनांत यहूदी उपासनेविषयी जे बोलले जाते, त्यात हेच गृहीत निरनिराळ्या रूपांनी डोकावते. ते चुकीचे आहे. इतकेच नव्हे, तर पेडणे व डिचोली या महालांत आपल्यापुढे प्रार्थनेची भाषा व लिपी यांचा जो प्रश्न उभा आहे, तोही याच गृहीतामुळे अधिक अवघड होतो. म्हणून या लेखात आम्ही यहूदी प्रार्थनारीतींचा, आणि विशेषतः मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाच्या रीतीचा विचार करणार आहोत.

१. तीन प्रचलित विधाने

आपल्याकडे साधारणतः तीन विधाने ऐकू येतात. पहिले असे, की यहूदी प्रार्थना प्राचीन काळापासून जशीच्या तशी चालत आली आहे. दुसरे असे, की तिच्यात जे भेद दिसतात ते फाटाफुटीचे लक्षण होय. तिसरे विधान अधिक उदार वाटते. ते म्हणते, हे भेद केवळ बाह्य आहेत, त्यांना महत्त्व देऊ नये.

पहिले विधान इतिहासाला धरून नाही. इ. स. 70 मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले आणि यज्ञविधी थांबले. त्यानंतर यावने येथे रब्बी गमलियेल व त्यांचे सहकारी यांनी प्रार्थनेला क्रम लावण्याचे काम हाती घेतले. उभ्याने म्हणावयाची 'अमीदा' ही जी मुख्य प्रार्थना, तिच्यातील आशीर्वचनांचा क्रम तेथे निश्चित झाला, अशी यहूदी परंपरा आहे. परंतु विषय आणि क्रम ठरला म्हणजे प्रत्येक शब्द ठरला असे नव्हे. पुढे कित्येक शतके प्रार्थना मुखोद्गतच राहिली. प्रार्थनेचा संपूर्ण क्रम लिहून काढलेला पहिला ज्ञात ग्रंथ नवव्या शतकातला आहे. बाबिलोनमधील सुरा येथील विद्यापीठाचे प्रमुख अम्राम गाओन यांनी तो स्पेनमधील यहूद्यांच्या विनंतीवरून तयार करून पाठविला. दहाव्या शतकात सादिया गाओन यांनी दुसरा प्रार्थनाग्रंथ रचला. त्यातील सूचना अरबी भाषेत होत्या, कारण त्यांच्या लोकांची बोलभाषा अरबी होती. सारांश, प्रार्थना करणारे समाज आधी होते आणि ग्रंथ मागाहून आला. प्रभू येशूच्या काळी शेमा होता, स्तोत्रे होती, आशीर्वचने होती, नियमशास्त्राचे वाचन होते. छापील अथवा लिखित प्रार्थनापुस्तक मात्र नव्हते. म्हणून आमच्या बंधूंच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की आजची कोणतीही एक रीत ही त्या सभास्थानातील रीतीची प्रत नव्हे. आणि ज्या अंशाने सर्व रीती त्या सभास्थानाच्या वारसदार आहेत, त्या अंशाने कोणतीही परकी नव्हे.

दुसऱ्या विधानाकडे वळू. ऱ्हाइन नदीच्या काठच्या नगरांतून वाढलेली ती आश्केनाझी रीत. स्पेनमध्ये वाढलेली आणि 1492 च्या हद्दपारीनंतर तुर्कस्तान, उत्तर आफ्रिका व पूर्वेकडे पसरलेली ती सेफार्दी रीत. यांखेरीज रोममधील यहूद्यांची जुनी रीत आहे, ग्रीसमधील रोमानियोत यहूद्यांची आहे, बगदादची आहे, कोचीनची आहे. येमेनमध्ये तर 'बलदी' आणि 'शामी' अशा दोन रीती शेजारीशेजारी नांदल्या. या सर्वांमध्ये शेमा तोच, अमीदेचा सांगाडा तोच, तोराचे वाचन तेच, शब्बाथ तोच. भेद आहेत ते या सांगाड्याभोवती.

काही उदाहरणे धर्मशिक्षकांना उपयोगी पडतील. तोराची गुंडाळी मंडळीला दाखविण्यासाठी उंच धरतात. आश्केनाझी लोक हे वाचनानंतर करतात, सेफार्दी लोक सामान्यतः वाचनापूर्वी. आश्केनाझी सभास्थानात गुंडाळीवर कापडी आवरण असते; पूर्वेकडील अनेक समाज ती लाकडी अथवा धातूच्या पेटीत उभी ठेवतात आणि तशीच उभी ठेवून वाचतात. प्रायश्चित्ताच्या दिवसापूर्वीच्या क्षमायाचनेच्या प्रार्थना सेफार्दी समाज एलूल महिना लागताच सुरू करतात. आश्केनाझी नववर्षाच्या काही दिवस आधी. वल्हांडणाच्या सणात आश्केनाझी भातही वर्ज्य मानतात, सेफार्दी सामान्यतः मानीत नाहीत. आपल्या भातखाऊ किनाऱ्याला या भेदाचे वजन सांगावे लागू नये. यशयाने ऐकलेली 'पवित्र, पवित्र, पवित्र' ही घोषणा, जी आपल्या मिस्सामध्येही आहे, ती सर्वांच्या प्रार्थनेत आहे. परंतु तिच्यापर्यंत नेणारे प्रास्ताविक शब्द निरनिराळे आहेत.

या भेदांना यहूदी विचारवंतांनी फाटाफूट मानले नाही. सोळाव्या शतकात गालीलातील सफेद नगरात रब्बी इसहाक लूरिया होऊन गेले. 1572 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावे अशी शिकवण सांगतात, की स्वर्गाला बारा द्वारे आहेत आणि इस्राएलच्या प्रत्येक वंशाची प्रार्थना आपापल्या द्वाराने वर जाते; म्हणून कोणी आपल्या पूर्वजांची रीत सोडू नये. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की याच सुमारास, 1570 मध्ये, पोप पाचवे पायस यांनी रोमन मिस्साग्रंथ सर्वत्र लागू केला. आणि त्यांनीही दोनशे वर्षांहून अधिक जुन्या स्थानिक रीतींना मोकळीक ठेवली. एकसूत्रतेचा आग्रह धरणाऱ्यांनाही जुन्या द्वाराला कुलूप घालणे योग्य वाटले नाही.

परंतु आम्ही हे चित्र अधिक गोड करू इच्छीत नाही. अठराव्या शतकात पूर्व युरोपात हसीदी पंथाने आश्केनाझी रीत सोडून लूरियांच्या धर्तीचा पाठ स्वीकारला. आपला वंश कोणता हे आज कोणालाच ठाऊक नाही, म्हणून सर्वांसाठी तेरावे द्वार आहे आणि ते या पाठाचे, असे समर्थन त्यांच्या गुरूंनी केले. 1772 मध्ये विल्ना येथे हसीदींवर बहिष्काराचा हुकूम निघाला. त्यांच्यावरील आरोपांत प्रार्थनेचा पाठ बदलल्याचाही आरोप होता. बारा द्वारांचा दृष्टान्त सहिष्णुतेचा. त्यातून निघालेले तेरावे द्वार मात्र भांडणाचे कारण झाले. 'आमचे द्वार सर्वांसाठी आहे' असे म्हणणारा पुष्कळदा इतरांची द्वारे अनावश्यक ठरवीत असतो. विसाव्या शतकात इस्रायलच्या सैन्यासाठी रब्बी श्लोमो गोरेन यांनी सर्व समाजांच्या सैनिकांना एकत्र म्हणता यावा असा एकत्रित पाठ सिद्ध केला. हेतू उत्तम होता. सैन्यात तो वापरलाही गेला; परंतु सैन्याबाहेर त्याने कोणत्याही समाजाच्या रीतीची जागा घेतली नाही. हरमलच्या किनाऱ्यावर आमच्या बंधूंनी जे ऐकले, त्याचे स्पष्टीकरण यात आहे. तेथे जमणाऱ्यांत कोणाचे आजोबा पोलंडचे, कोणाचे मोरोक्कोचे, तर कोणाचे येमेनचे असणे सहज शक्य आहे.

आता तिसरे विधान, की हे सर्व बाह्य आहे. 'कद्दीश' या प्रार्थनेचे उदाहरण घ्या. सेफार्दी पाठात देवाने आपले तारण अंकुरित करावे आणि आपला अभिषिक्त जवळ आणावा अशा अर्थाची याचना येते. आश्केनाझी पाठात ती नाही. हे केवळ शब्दांचे अंतर आहे असे कोणता ईश्वरविज्ञानाचा विद्यार्थी म्हणेल? एका समाजाने प्रत्येक कद्दीशमध्ये आशा उच्चारली, दुसऱ्याने ती अन्य ठिकाणी उच्चारली. रीत म्हणजे त्या समाजाने काय सोसले, काय वाचविले आणि कशाची वाट पाहिली याची स्मृती असते. तिला बाह्य म्हणणे हा उदारपणा नव्हे, अनास्था होय.

२. कोकणची साक्ष

या सर्वांचा पडताळा घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. तेरेखोल नदी ओलांडून सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या किनाऱ्याने उत्तरेस जात राहिले, की आपण रायगड जिल्ह्यात अलिबाग, रेवदंडा, पनवेल या बेने इस्राएलांच्या प्रदेशात पोहोचतो. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्याला लागले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारची विश्रांती यांमुळे गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. हिब्रू ग्रंथ त्यांच्यापाशी राहिले नव्हते. राहिले ते शेमाचे शब्द, सुंता, शब्बाथ, आहाराचे निर्बंध आणि सण.

या सणांची नावे पाहावीत. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी ती नोंदून ठेविली आहेत. त्यांचा ग्रंथ 1897 मध्ये लिहून झाला आणि 1937 मध्ये प्रकाशित झाला. नववर्षाचा तो 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताचा दिवस तो 'दारफळणीचा सण', कारण त्या दिवशी दारे लावून घेऊन घरात उपासात राहावयाचे. पुरीम हा 'होळीचा सण'. मंदिराच्या नाशाचा शोकदिन हा 'बिरड्याचा', कारण त्या वेळी मोड आलेल्या वालांचे बिरडे खावयाचे. शिवाय 'खिरीचा सण' आहेच. ज्या समाजाजवळ ग्रंथ नव्हता, त्याने पंचांग स्वयंपाकघरात जपले. ग्रंथाधारित धर्मात वाढलेल्या आम्हां लोकांना हे कमी प्रतीचे वाटण्याचा संभव आहे. परंतु कोचीनहून व नंतर बगदादहून आलेल्या शिक्षकांना त्यांच्यात यहूदीपण ओळखू आले ते याच खुणांवरून. दाविद रहाबी या पाहुण्याने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि त्यांनी पंख व खवले असलेले मासे तेवढे निवडले, ही त्यांची कथा हेच सांगते.

अठराव्या शतकात हा समाज मुंबईस जाऊ लागला. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी तेथे पहिले सभास्थान बांधले; लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. पुढे कोचीनहून आलेल्या शेलोमो सालेम शुर्राबी यांच्यासारख्या शिक्षकांनी हिब्रू पाठ शिकविले. रेवदंडा, अलिबाग, पनवेल येथे 1840 च्या दशकात सभास्थाने झाली. त्यांनी जी रीत स्वीकारली ती सेफार्दी. म्हणजे कोकणच्या तेल्यांनी आपल्या जुन्या स्मृतीवर स्पेनची रीत, कोचीनचा सूर आणि मराठी बोली यांचा संस्कार करून घेतला. याला भेसळ म्हणावयाचे असेल तर जगातील प्रत्येक उपासनाविधी भेसळ आहे, आपलाही.

३. मराठीचे स्थान

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. बेने इस्राएलांच्या प्रार्थनेत मराठी कोठे आली आणि कोठे आली नाही?

1846 मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्रीचा 'हग्गादा' हिब्रू मूळ व मराठी भाषांतर यांसह शिळाछापावर निघाला. 1874 मध्ये पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात दुसरा हग्गादा छापला गेला. तो मोझेस जेकब तळकर व आरोन डॅनिएल तळकर यांनी सिद्ध केला होता. त्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडील पेहरावात दिसतात. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (1834–1905) यांनी तर हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे करण्यात आयुष्य घालविले. येथे एक ऋण नमूद केले पाहिजे. डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले होते आणि मिशनच्या शाळांतून अनेक बेने इस्राएल शिकले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. शिकणाऱ्यांनी ते ज्ञान आपली प्रार्थना समजून घेण्यासाठी वापरले. आम्हां ख्रिस्ती लोकांना यात नम्र करणारे बरेच काही आहे.

या पुस्तकांची रचना विचार करण्याजोगी आहे. मराठी हिब्रूच्या जागी आलेली नाही, ती हिब्रूच्या शेजारी बसली आहे. सभास्थानात हिब्रू पाठच म्हणावयाचा. मराठी पाठाने त्याचा अर्थ उघड करावयाचा. घरी, वल्हांडणाच्या पंगतीत, जेथे मुलाने प्रश्न विचारावयाचा आणि वडिलांनी उत्तर द्यावयाचे, तेथे मराठीला अधिक अवकाश मिळाला. आणि सभास्थानाबाहेर तर मराठीला पूर्ण मोकळीक होती. 1880 च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांनी कीर्तने सुरू केली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पद्यात बांधली. संदेष्टा एलिया याच्या स्मरणार्थ 'मलिदा' होतो. त्यात गोड पोहे, नारळ व फळे यांचे ताट मांडून आशीर्वचने म्हणतात आणि 'एलियाहू हन्नबी' हे हिब्रू गीत गातात. अलिबागजवळील खंडाळे येथे एलियाने दर्शन दिले, अशी श्रद्धा आहे. हा विधी बेने इस्राएलांखेरीज दुसऱ्या यहूदी समाजात या स्वरूपात नाही.

या व्यवस्थेचे गुण उघड आहेत. मूळ पाठामुळे कोकणातला माणूस जगातल्या कोणत्याही सभास्थानात 'आमेन' म्हणू शकतो. भाषांतरामुळे तो कशाला आमेन म्हणतो हे त्याला कळते. कीर्तन व मलिदा यांमुळे त्याची भक्ती त्याच्या मातीत राहते. परंतु समीक्षकाने उणेही सांगितले पाहिजे. छापील मराठी ही वाचता येणाऱ्यांचीच मदत होती, आणि एकोणिसाव्या शतकात वाचता येणाऱ्या स्त्रिया थोड्या होत्या. शेजारी छापलेले भाषांतर कालांतराने केवळ पानाची शोभा होऊन बसण्याचा धोका असतो; आपल्या जुन्या लॅटिन-देशी भाषांच्या मिस्सापुस्तकांविषयी ज्येष्ठ धर्मगुरूंना हे आठवत असेल. ही उणीव त्या समाजातही जाणवली. 1925 मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने मुंबईत 'ज्यूइश रिलिजस युनियन' स्थापन झाली. तिने उदारमतवादी उपासनेचा मार्ग धरला आणि स्त्रियांना उपासनेत अधिक स्थान दिले. बहुसंख्य समाज जुन्या रीतीनेच चालत राहिला. दोन्ही पक्ष बेने इस्राएलच राहिले, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते.

४. गणनेचा प्रश्न

यहूदी सार्वजनिक प्रार्थनेला दहांची उपस्थिती लागते; जुन्या रीतीने दहा प्रौढ पुरुषांची. त्याशिवाय कद्दीश म्हणता येत नाही, तोराचे सार्वजनिक वाचन होत नाही. म्हणून 'तुझी रीत कोणती' यापेक्षा कठोर असा एक प्रश्न यहूदी समाजांत उभा राहिला: 'तू दहांत धरला जातोस काय?'

मुंबई-पुण्यात एकोणिसाव्या शतकात बगदादी यहूदी आले. ससून घराण्याने उभारलेली भायखळ्याची व पुण्याची सभास्थाने आजही प्रेक्षणीय आहेत. पुण्याचे 1867 मधील 'लाल देऊळ' सर्वांना ठाऊक आहे. बगदादी व बेने इस्राएल यांच्या प्रार्थनारीती एकमेकींच्या अगदी जवळच्या होत्या. आश्केनाझी व येमेनी यांच्यात जितके अंतर, तितकेही त्यांच्यात नव्हते. आणि तरीही पुष्कळ बगदादी बेने इस्राएलांना दहांच्या गणनेत धरीत नसत, तोरावाचनासाठी बोलावीत नसत. कारण सांगितले जाई ते विवाह व वंशशुद्धीच्या शंकेचे. त्यामागे रंग, संपत्ती व जात यांचा विचारही होता. कोचीनमध्ये 'परदेशी' यहूद्यांनी मलबारी यहूद्यांशी आणि मुक्त झालेल्या दासांच्या वंशजांशी याच धर्तीचे वर्तन केले. बेने इस्राएल स्वतः यातून मुक्त होते असेही नाही. त्यांच्यात 'गोरे' व 'काळे' हा भेद होताच. पुढे इस्रायलमध्ये 1962 नंतर बेने इस्राएलांच्या विवाहांवर तेथील मुख्य रब्बींच्या आदेशाने विशेष चौकशी लादली गेली. त्याविरुद्ध त्यांनी आंदोलन केले, आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहूदी असल्याचे जाहीर केले.

येथे आमचे प्रतिपादन स्पष्ट होते. रीतींतील भेदाने यहूदी समाज दुभंगला नाही. भिन्न रीतीचे लोक शतकानुशतके एकमेकांच्या सभास्थानांत पाहुणे म्हणून बसले, आमेन म्हणाले. दुभंग पडला तो जवळजवळ एकच रीत असलेल्या दोन गटांत, जेव्हा एकाने दुसऱ्याचे आमेन मोजण्याचे नाकारले. तेव्हा ऐक्याची कसोटी पाठाच्या समानतेत शोधणे ही चूक आहे. ती परस्परांच्या स्वीकारात शोधली पाहिजे.

५. गोमंतकाचा लेखा

हा निष्कर्ष गोव्याच्या इतिहासाला लावून पाहताना आपली मान खाली जाते. 1560 ते 1812 पर्यंत, मधला अल्प खंड वगळता, गोव्यात इन्क्विझिशन होते. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावणे, शनिवारी धुतलेले कपडे घालणे, डुकराचे मांस टाळणे अशा घरगुती खुणा यहूदीपणाचा पुरावा म्हणून इन्क्विझिशनपुढे ठेवल्या जात. कोकणच्या बेने इस्राएलांचा ज्या खुणांनी सांभाळ झाला, त्याच खुणा गोव्यात गुन्हा ठरल्या. 1563 मध्ये गोव्यात आपला वनौषधींचा प्रसिद्ध ग्रंथ छापणारे वैद्य गार्सिया द ओर्ता 1568 मध्ये वारले. 1569 मध्ये त्यांच्या बहिणीला जाळण्यात आले, आणि 1580 मध्ये ओर्तांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

ख्रिस्ती रीतींच्या बाबतीतही असेच घडले. 1599 मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझेस यांनी केरळात उदयंपेरूर येथे धर्मसभा भरविली. तिने संत तोमाच्या ख्रिस्ती लोकांचे सिरियाक ग्रंथ दुरुस्त करण्याचा वा जाळण्याचा आणि त्यांची उपासना रोमच्या वळणावर नेण्याचा निर्णय केला. ऐक्यासाठी केलेल्या या कृतीचे फळ 1653 च्या कूनन क्रूसाच्या शपथेत दिसले. जो समाज एक होता तो फुटला, आणि ती फूट आजही भरून आलेली नाही.

पण याच गोव्यात दुसरीही परंपरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले. मराठी ओवीतील हे पुराण रोमन लिपीत छापलेले होते. ते मिस्साच्या जागी आले नाही. चर्चमध्ये व घरांत मिस्साच्या शेजारी ते वाचले गेले. बेने इस्राएलांच्या हग्गाद्याची व कीर्तनाची जी जागा, तीच त्याची जागा. पुढे 1684 मध्ये व्हाइसरॉयच्या हुकुमाने देशी भाषेवरच घाव घातला गेला, हेही विसरता येत नाही.

पेडणे व डिचोली हे महाल या इतिहासात उशिरा आले. नव्या काबिजादींचा हा भाग अठराव्या शतकाच्या अखेरीस, 1780 च्या दशकात, पोर्तुगीज सत्तेखाली आला. बार्देश, तिसवाडी, साष्टी येथे घडलेले बरेच काही येथे घडले नाही. येथील ख्रिस्ती कुटुंबे थोडी आहेत आणि शेजार हिंदू आहे. घरात कोंकणी, शाळेच्या पाटीवर देवनागरी, गावच्या नाटकात व भजनात मराठी, आणि चर्चच्या गीतपुस्तकात रोमन लिपीतील कोंकणी, अशा चार अक्षरवळणांतून येथील मूल जाते. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि मराठीच्या वापरालाही स्थान ठेविले. उपासनेतील लिपीचा प्रश्न त्याने सुटणारा नव्हता आणि सुटलाही नाही. नदीपलीकडे सिंधुदुर्ग धर्मप्रांतात मराठी व कोंकणी दोन्ही भाषा चालतात, आणि लग्नसंबंधांनी दोन्ही तीर जोडलेले आहेत.

या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी जी मते मांडली जातात, ती आम्ही लक्षपूर्वक ऐकली आहेत. एक पक्ष म्हणतो, रोमन लिपीतील कोंकणी हीच आमच्या पूर्वजांची प्रार्थना. दुसरी लिपी आली की आमची स्मृती गेली. हा पक्ष चुकीचा नाही. त्याचे द्वार खरे आहे. दुसरा पक्ष म्हणतो, मुलाला जे अक्षर वाचता येत नाही त्यात त्याला प्रार्थना शिकविणे हा अन्याय होय. तोही चुकीचा नाही. दोघांची चूक एकच. आपले द्वार तेरावे आहे, म्हणजे सर्वांसाठी पुरेसे आहे, असे दोघांनाही वाटते. परिणामी धर्मशिक्षणाच्या वर्गात असे मूल बसते, की ज्याला पाठ येतो पण वाचता येत नाही. आणि जे वाचता येते ते 'आपले' नाही असे त्याला ऐकावे लागते. असे मूल मोठे झाल्यावर रविवारी मागच्या बाकावर का बसते, अथवा बसतच का नाही, याचा विचार आपण करीत नाही. दहांच्या गणनेत आपण कोणाला धरीत नाही, ते येथे पाहावे.

६. धर्मशिक्षकांना काही सूचना

पहिली सूचना. 'यहूदी प्रार्थना' असे एकवचनी बोलणे सोडावे. एखाद्या तरी रीतीचे नाव घेऊन बोलावे. मराठी मुलांना तर बेने इस्राएलांचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. यहूदी प्रार्थना ही आपल्या प्रार्थनेची जुनी, संपलेली प्रस्तावना आहे असेही सुचवू नये. ती आजही चालू आहे. कोकणात, मुंबईत, आणि बेने इस्राएल जेथे मोठ्या संख्येने गेले त्या इस्रायलमध्येही.

दुसरी. देवाच्या नामाविषयी आदर ठेवावा. यहूदी लोक ते चतुरक्षरी नाम उच्चारीत नाहीत. आपल्या काही गीतांत ते सहज येते. 29 जून 2008 च्या पत्राने रोमच्या उपासनाविषयक मंडळाने ते उपासनेत उच्चारू नये असे कळविले आहे. तेथे 'प्रभू' म्हणावे.

तिसरी. आपल्या स्वतःच्या प्रार्थनेतील दुरुस्ती मुलांना प्रामाणिकपणे सांगावी. उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतून यहूद्यांविषयीचा अवमानकारक शब्द 1959 मध्ये काढला गेला. 1965 च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रानंतर 1970 च्या मिस्साग्रंथात ती प्रार्थनाच नव्याने लिहिली गेली. पाठ बदलतो, आणि कधीकधी तो बदललाच पाहिजे, हे यावरून कळेल.

चौथी. वल्हांडणाच्या भोजनाचे 'नाटक' वर्गात करण्याची हौस आवरावी. ते दुसऱ्या समाजाचे जिवंत उपासनाकर्म आहे. त्याविषयी शिकवावे, ते आपलेसे करून वापरू नये.

पाचवी, आणि आमच्या मते सर्वांत निकडीची. पेडणे-डिचोलीच्या वर्गांत पाठाची पाने दोन लिपींत शेजारीशेजारी ठेवावीत. आणि ज्या घरी मराठी गीते गातात त्या घरच्या मुलाला ती वर्गात गाऊ द्यावीत. मूळ पाठ कोणाचाही जात नाही. बेने इस्राएलांनी 1846 पासून हेच केले, आणि त्यांची हिब्रू त्यामुळे लोपली नाही.

आमच्या बंधूंच्या प्रश्नाला आम्ही अखेर असे उत्तर लिहिले: हरमलला त्या तरुणांचे कोणत्या पाठावरून बोलणे झाले हे महत्त्वाचे नाही. बोलणे झाल्यावर ते सर्वजण एकत्र प्रार्थनेला उभे राहिले काय, ते पाहा. त्यांचे उलट पत्र आले आहे. ते लिहितात, "होय, राहिले. आणि दहा व्हावेत म्हणून एकजण रस्त्यावरून आणखी एकाला हाक मारून घेऊन आला. तो कोणत्या रीतीचा, हे त्याला कोणी विचारले नाही."